पाटी मोठी, अक्षर चेपलेले

महाराष्ट्र शासनाने २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत आणि देवनागरीत असणे बंधनकारक केले. मराठी नाव आधी यावे आणि त्याची अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असा नियम त्यात आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही त्यातून पूर्वीची सूट राहिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, बहुतेक बाजारपेठांच्या पाट्या आधीपासून मराठीतच होत्या; बदलण्याची वेळ आली ती मुख्यतः मोबाइलची दुकाने, कपड्यांची शोरूम, दवाखाने आणि शिकवणी वर्ग यांच्यावर. पाट्या बदलल्या, त्याचे समाधान आहेच. परंतु या सगळ्या चर्चेत मराठी आहे की नाही आणि केवढ्या आकारात आहे, या दोनच गोष्टी मोजल्या गेल्या. ते अक्षर दिसते कसे, वाचता येते का, त्याला काही वळण आहे का, हे कायद्यानेही विचारले नाही, नगरपालिकेनेही नाही आणि मराठीचा कैवार घेऊन रस्त्यावर उतरलेल्यांनीही नाही.

आकाराचा नियम आणि दुकानाची रुंदी यांचा मेळ कसा बसवला जातो, हे फ्लेक्सच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहिले की कळते. जुन्या बाजारपेठेतील गाळ्याचे तोंड दहा-बारा फुटांचे असते. नावे मात्र आपल्याकडे लांबलचक असतात. कृषी केंद्राला स्वतःच्या नावाशिवाय ‘रासायनिक खते, बी-बियाणे व कीटकनाशके यांचे अधिकृत विक्रेते’ एवढी ओळ हवीच असते आणि गिऱ्हाइकाचा आग्रह एकच असतो, ‘भाऊ, अक्षर मोठं दिसलं पाहिजे.’ ऑपरेटर कोरल ड्रॉमध्ये नेहमीचा जाडजूड फॉन्ट घेतो, ओळ टाइप करतो, ती पाटीच्या बाहेर जाते, मग तो ओळीच्या उजव्या कडेचा चौकोन माउसने धरतो आणि आत ढकलतो. उंची तेवढीच राहते, रुंदी निम्म्यावर येते. नियम पाळला गेला, ओळ बसली, गिऱ्हाईक खूश. अक्षराचे काय झाले, ते पाहायला कोणी थांबत नाही.

ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. समजा मूळ फॉन्टमध्ये कान्याची जाडी दहा मिलिमीटर आणि शिरोरेषेची नऊ मिलिमीटर आहे. ओळ साठ टक्क्यांवर दाबली की कान्याची जाडी सहा मिलिमीटर होते, शिरोरेषा मात्र नऊचीच राहते, कारण दाब फक्त आडवा पडला आहे. ज्या उभ्या दांड्यांवर देवनागरी अक्षर उभे असते ते दांडे कृश होतात आणि वरचे आडवे छत त्यांच्यापेक्षा दीडपट जड होते. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटाच्या डाव्या बाजूची रेषा पातळ होते, वरची-खालची जाडच राहते, त्यामुळे एकाच फटकाऱ्यात जाडी भलत्याच ठिकाणी बदलते. ‘स’ आणि ‘र’ यांच्या तिरप्या रेषा जवळजवळ उभ्या होतात. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात, आणि लांबून त्या जोडाक्षरांच्या जागी नुसता डाग दिसतो. अनुस्वाराचे टिंब उभ्या तांदळासारखे होते. आणि ‘ख’? लिपिसुधारणेच्या काळापासून ज्या अक्षराबद्दल तक्रार आहे, ‘खाना’चे ‘रवाना’ होण्याची, ते अक्षर दाबल्यावर आणखीच फुटते, आणि खान्देशाच्या नावाचे पहिलेच अक्षर ते असल्यामुळे आमच्याकडील निम्म्या संस्थांच्या पाट्यांवर ते भोगावे लागते.

अरुंद अक्षराची गरज खोटी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट ती गरज रास्त आहे आणि जुनी आहे. तक्रार एवढीच आहे की आपण ती गरज अक्षर घडवून भागवत नाही, अक्षर चेपून भागवतो. राज्याने मराठी पाट्यांची सक्ती केली आहे, तर मुळातच अरुंद काढलेला, जाड-बारीक रेषेचा, जुन्या मराठी छपाईचे आणि पाट्यांचे वळण सांभाळणारा एक देवनागरी अक्षरसंच सार्वजनिक खर्चाने करून घेऊन तो सर्वांना विनामूल्य द्यावा, असे माझे म्हणणे आहे. आणि तो कुठे वापरू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

युरोप-अमेरिकेत हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी आला. जाहिरातीचे मोठे कागद भिंतींवर लागू लागले, कागदाची रुंदी ठरलेली, मजकूर भरपूर, आणि रस्त्यापलीकडून वाचता यावे अशी अपेक्षा. न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकडी टाइप, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, यंत्राने कापण्यास सुरुवात केली आणि मोठी अक्षरे हलकी व स्वस्त झाली. त्यातून उंच, अरुंद, टोकांना ठसठशीत पाया असलेल्या अक्षरांचे पीक आले. आज चित्रपटांच्या नावांत, सरबतांच्या बाटल्यांवर आणि ‘जुन्या काळची चव’ विकणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर जे अक्षर दिसते, त्याचे मूळ तिथे आहे. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे टाइप ओतण्याच्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ मध्ये ‘क्लॅरेंडन’ हा टाइप आणला. तो मुळातच काहीसा अरुंद होता, कारण साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक करताना ओळ लांबू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती. अमेरिकेत ‘सेंच्युरी’ मासिकासाठी १८९४ च्या सुमारास लिन बॉइड बेंटन यांनी थिओडोर डी विन यांच्या सांगण्यावरून जो टाइप कोरला, तोही दोन रकान्यांत बसावा म्हणून थोडा आवळलेला होता. लंडनच्या ‘टाइम्स’ने ३ ऑक्टोबर १९३२ पासून वापरलेला टाइप, जो आपण आज प्रत्येक संगणकावर ‘टाइम्स न्यू रोमन’ म्हणून ओळखतो, त्याच्या मागेही रकान्यात जास्त मजकूर मावावा, हा हिशोब होताच.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. अरुंदपणा हा रेखाटनाचा भाग होता. अक्षराची रुंदी कमी करताना उभ्या रेषेची जाडी राखली गेली, पोकळ्या उंचीच्या दिशेने वाढवल्या गेल्या, टोके आखूड केली गेली. संगणक आल्यावर तिकडेही दाबादाबी झाली. अॅपल कंपनीने १९८४ पासून वर्षानुवर्षे जे अक्षर आपली ओळख म्हणून वापरले, ते गॅरामंड या टाइपचेच एक रूप ऐंशी टक्के रुंदीवर आणलेले होते. पण ते तसेच सोडून दिले नाही, नंतर बिटस्ट्रीम कंपनीकडून त्याच्या रेषांची जाडी पुन्हा जुळवून घेण्यात आली. एवढ्या श्रीमंत कंपनीलाही ऐंशी टक्के खपले नाहीत, आणि आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर साठ टक्के सर्रास खपतात.

देवनागरीला रोमन अक्षरासारखे पाय नसतात, तेव्हा ‘सेरिफ’ची, म्हणजे या पायांच्या अक्षरांची, गोष्ट आपल्याला लागू कशी, असे कोणी विचारील. पाय नसले तरी जाड-बारीकपणा आहे, आणि तो बोरूने दिलेला आहे. बोरूची जीभ तिरपी कापलेली असते. तो कात रोमन लेखणीच्या उलट बाजूचा असल्यामुळे देवनागरीत जाडी रोमनच्या उलट तिरप्यावर पडते. कान्याचा शेवट तिरपा कापल्यासारखा होतो, वेलांटी बारीक सुरू होऊन माथ्यावर भरते, उकाराचे पोट खाली जाड होते. जुन्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूत ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत दिसणारे भारदस्तपण या जाड-बारीकपणातून आले आहे. ते काढून सगळ्या रेषा एकाच जाडीच्या केल्या की अक्षर आधुनिक आणि स्वच्छ दिसते, मोबाइलच्या पडद्यावर ते उपयोगीही पडते, पण त्याचा मराठी छापील परंपरेशी असलेला धागा सुटतो.

ही परंपरा लहान नाही. टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झालेले जावजी दादाजी आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी मुंबईत निर्णयसागरचे जे खिळे ओतले, त्यांनी संस्कृत-मराठी ग्रंथांचा चेहरा ठरवला. निर्णयसागर छापखाना १८६९ चा. पण त्या समृद्ध परंपरेतही अरुंद वळण फारसे का रुजले नाही, याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधू नये, ते हिशोबाच्या वहीत आहे. रोमन टाइपचा एक संच म्हणजे शंभर-सव्वाशे खिळे. देवनागरीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा-वेलांट्यांचे तुकडे धरून शेकड्यांनी खिळे लागत. एका आकाराचा एक संच कोरायलाच फाउंड्रीचा जीव मेटाकुटीस येई. तिथे त्याच आकाराचे अरुंद, रुंद, तिरपे असे चार भाऊ कोण कोरणार? म्हणून तालुक्याच्या गावातला छापखानदार हँडबिलाचा मजकूर खिळ्यांत जुळवी आणि मथळ्यासाठी चित्रकाराकडून अक्षर काढून घेऊन त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणी. मासिकांची नावे, पुस्तकांची मुखपृष्ठे, सिनेमाच्या जाहिराती, तमाशाच्या फडाची पोस्टरे, कुस्त्यांच्या दंगलीचे कागद, या सगळ्यांवरचे मोठे अक्षर हाताने काढलेले असे. याचा परिणाम असा झाला की अरुंद देवनागरी कशी काढावी, याचे ज्ञान खिळ्यांत साठलेच नाही. ते चित्रकाराच्या आणि पेंटरच्या हातात राहिले. फ्लेक्स आला, पेंटरचे काम गेले आणि ते ज्ञान संगणकात उतरण्याआधीच बाजारातून उठले.

चोपडा, पारोळा, शहादा, दोंडाईचा अशा गावांच्या जुन्या पेठेत किंवा मार्केट यार्डाच्या आसपास पत्र्यावर रंगवलेल्या भुसार-आडतीच्या पाट्या अजून सापडतात. उन्हाने रंग विटलेला असतो, पण वळण टिकून असते. अशी एखादी पाटी जवळून पाहावी. ‘आडत’ आणि ‘भुसार’ यांच्यातले काने जाड आणि ताठ असतात, शिरोरेषा मात्र मुद्दाम बारीक ठेवलेली असते, कारण अरुंद अक्षरांत काने जवळजवळ येतात आणि वरून जाड शिरोरेषा फिरवली तर सगळे मिळून काळा पट्टा होईल, हे पेंटरला सवयीने माहीत होते. ‘भ’ची गाठ तो खाली ओढतो आणि लांबट करतो, तिला आडवी पसरू देत नाही. ‘भु’मधला उकार कान्याच्या बाहेर न जाता त्याच्या तळाशी दुमडून घेतो. पहिली वेलांटी अक्षराच्या डोक्यावरून गोल फिरवण्याऐवजी तो तिचा माथा चपटा करतो, म्हणजे वरच्या ओळीला धक्का लागत नाही. आणि ‘ड’सारख्या पसरट पोटाच्या अक्षराला इतरांपेक्षा थोडी जास्त जागा देतो. सगळी अक्षरे एकाच मापात कोंबण्याचा अट्टहास त्याला नसतो. शेड काढायची ती उजवीकडे आणि खाली, दोन बोटांची. एवढ्याशा पाटीत जे निर्णय आहेत, त्यांतला एकही निर्णय उजवी कड आत ढकलून घेता येत नाही.

आता फॉन्टच्या बाजूने काही झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीत जेवढे चांगले काम झाले तेवढे आधीच्या पन्नास वर्षांत झाले नसेल. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ हे अरुंद फॉन्ट गूगलवर विनामूल्य मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा २०२२ मधील ‘अनेक’ तर एकाच संचात अरुंदापासून रुंदापर्यंत सरकवता येतो, आणि सरकवताना रेषांची जाडी आपोआप जुळते. दाबणे आणि अरुंद काढणे यांतला फरक कोणाला समजावून सांगायचा असेल तर याहून चांगले उदाहरण नाही. ‘रोझा वन’मध्ये टोकाचा जाड-बारीकपणा आहे. मुंबईच्या लोकल स्थानकांवरील रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ निघाला. पुस्तकी मजकुरासाठी खास मराठी वळणांचा ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे. मात्र यांपैकी जे अरुंद आहेत त्यांच्या रेषा जवळजवळ एकाच जाडीच्या आहेत, आणि ज्यांत जुने जाड-बारीक वळण आहे ते अरुंद नाहीत. दोन्ही गुण एकत्र हवे असलेला मुद्रक, प्रकाशक किंवा पाटीवाला आजही श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधला एखादा जुना फॉन्ट काढतो आणि उजवी कड आत ढकलतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हाती दुसरे काही दिलेले नाही.

इथे शासनाचा संबंध काय, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. फॉन्ट हा कारागिरीचा आणि बाजाराचा विषय आहे, सरकारने त्यात पडू नये, असे म्हणणारे विसरतात की महाराष्ट्र शासन त्यात केव्हाच पडलेले आहे, आणि चांगल्या रीतीने पडलेले आहे. देवनागरी मुद्राक्षरांचा इतिहास सांगणारा बापूराव नाईक यांचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध केला तो राज्याच्या भाषा संचालनालयाने. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे फॉन्ट करवून घेतले. त्यांतल्या ‘यशोमुद्रा’च्या आधारावर पुढे आयआयटी मुंबईतून ‘शोभिका’ निघाला आणि आज संस्कृतचे अभ्यासक तो जगभर वापरतात. एकदा सार्वजनिक पैशाने मुक्त परवान्याखाली केलेले अक्षर कुठवर जाते, याचा हा पुरावा पुरेसा आहे. शिवाय पाटी कोणत्या लिपीत आणि केवढी असावी हे शासन जर दुकानदाराला सांगते, तर त्या पाटीसाठी लागणारे हत्यार त्याला देण्याची जबाबदारी शासनाची नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सारे जुन्याचे कढ काढणे आहे, आणि अरुंद जाड-बारीक अक्षर ही तर परक्या पोस्टरांची उसनवारी आहे, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. आपल्या पोथ्यांत अक्षर अरुंद नाही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली बाडे पाहिली, तर आडव्या पानावर ऐसपैस बसलेली अक्षरे दिसतात. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख, भास्कराचार्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाचा, तोही अशाच प्रशस्त दगडावर कोरलेला. त्याच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या दप्तरांत मोडीचे कागद आहेत, जिथे हात उचलायलाही वेळ नाही. याचा अर्थ मी असा घेतो की जसे पृष्ठ तसे अक्षर, हीच आपली खरी परंपरा आहे. आडव्या पानाला ऐसपैस बाळबोध, घाईच्या हिशोबाला मोडी, आणि दहा फुटी गाळ्याच्या कपाळाला उंच अरुंद अक्षर. विसाव्या शतकात आमच्या पेंटरांनी ते वळण घडवले. त्यांनी परदेशी नमुने पाहिले असतील, नसतील, पण ‘भु’चा उकार कुठे दुमडायचा हे त्यांना कोणत्याही परदेशी नमुन्याने शिकवले नव्हते.

जुनेपणाचा सोस मात्र खरोखर टाळला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या कॅफेंतून आता जळगावातही पोचलेली एक रीत आहे. भिंतीला मुद्दाम पोपडे काढायचे, वर ओरखडे मारलेले जुनाट अक्षर लावायचे आणि कालपरवा उघडलेल्या हॉटेलाला पन्नास वर्षांचे वय द्यायचे. असले सोंग वठवण्यासाठी कोणी सार्वजनिक पैसा मागू नये. अक्षराचा जुना बाज उपयोगी पडतो तो कामापुरता. पुस्तकाचा कणा हे त्याचे पहिले काम आहे. मराठी पुस्तकांच्या कण्यांवर लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव जितके वाईट बसवलेले असते तितके क्वचितच दुसरीकडे असेल. वर्तमानपत्राच्या एका रकान्याचा मथळा हे दुसरे. मथळा तीन ओळींत तुटू नये म्हणून उपसंपादक आज चांगला शब्द काढून लहान शब्द घालतो. जत्रेचे आणि नाटकाचे पोस्टर आहे, सहकारी सोसायटीचे लेटरहेड आहे, संमेलनाची स्मरणिका आहे. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्या शहरात साने गुरुजींनी विद्यार्थ्यांसाठी हाताने लिहून अंक काढले होते. अशा गावाच्या कमानींवर तरी चेपलेले अक्षर नको होते, असे मला त्या वेळी वाटले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा चौकाचौकांत जे अभिनंदनाचे फलक लागले, त्यांतल्या अनेकांवर ‘अभिजात’मधला ‘भि’ ओळखू येत नव्हता. नेत्यांचे फोटो मात्र सुबक होते, त्यांना कोणी आडवे दाबले नव्हते.

व्यापारी उपयोगही किरकोळ समजू नये. जळगावच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाचा फायदा घ्यायचा तर खोक्यावर आणि चिठ्ठीवर गावाचे नाव ठसठशीत हवे, आणि चिठ्ठीची जागा बोटभर असते. सातपुड्याच्या पायथ्याशी पिकणाऱ्या मालावर खान्देशी वळणाचे अक्षर असेल तर ती ओळख कोणत्याही आयात केलेल्या चिन्हापेक्षा पक्की ठरेल.

पण हेच अक्षर काही ठिकाणी सक्तीने दूर ठेवले पाहिजे, आणि इथे मी माझ्याच बाजूच्या उत्साही लोकांशी असहमत आहे. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथे ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकचालकाला ‘शिरपूर’ की ‘शिंदखेडा’ हे क्षणभरात कळले पाहिजे. अक्षर लांबून वाचता येते ते त्याच्या रेषांमुळे जेवढे, तेवढेच आतल्या पोकळीमुळे. अरुंद अक्षरात पोकळी कमी असते आणि जाड-बारीक अक्षरातली बारीक रेषा अंतराने प्रथम नाहीशी होते. अमेरिकेच्या महामार्गांवरील अक्षरांचे रुंदीनुसार अ, ब, क असे वर्ग होते. त्यांतला सर्वांत अरुंद वर्ग वेगात वाचता येत नाही म्हणून बाद करावा लागला. आपल्याकडे रेल्वेची पिवळी पाटी या बाबतीत आदर्श आहे. भुसावळ स्थानकावर मराठीत ‘भुसावळ’ आणि हिंदीत ‘भुसावल’ असे जवळजवळ एकच नाव दोनदा लिहिले जाते, त्यावर हसावे तेवढे थोडे. तरी फलाटावर गाडी शिरताना ते दोन्ही स्वच्छ वाचता येते. एसटीच्या गाडीवरची पाटी, रुग्णालयातील विभागांची नावे, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, मतदार यादी, पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तके यांत अरुंद आणि नखरेल अक्षर आणणे हा गुन्हाच समजावा. घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणारे आणि शाळेत प्रथमच देवनागरी वाचणारे मूल मोकळे, गोल, एकसारखे अक्षर मागते.

अक्षरसंच करताना मराठीची स्वतःची वळणे पाळली गेली पाहिजेत, हेही सांगणे भाग आहे, कारण बहुतेक फॉन्टांत मूळ रचना हिंदीची असते आणि मराठी ‘ल’ व ‘श’ मागच्या दाराने येतात. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची वळणे निश्चित केली आहेत. ती अरुंद रूपात आणणे सोपे नाही. मराठी ‘ल’च्या दोन पाकळ्या शेजारी शेजारी बसतात आणि रुंदी मागतात, ‘ळ’चेही तेच. चांगला रेखाटनकार इथे पाकळ्या उंच करील, दोन्ही सारख्या ठेवण्याचा हट्ट सोडील, कदाचित डावी पाकळी लहान काढील. ‘ण’चे काने तो जवळ घेईल, ‘क’ आणि ‘फ’ यांची उजवी शेपटी खाली वळवील, ‘ख’चे दोन्ही भाग तळाशी घट्ट बांधील. जोडाक्षरे उभी रचावीत की आडवी, हा प्रश्न तर प्रत्येक जोडाक्षरागणिक वेगळा सुटेल. ‘ट्ट’, ‘द्व’ उभे रचले तर रुंदी वाचते, पण उंचीत गर्दी होते आणि वर मात्रा, खाली उकार यांना जागा उरत नाही.

कायद्यातही एक लहान दुरुस्ती हवी आहे. अक्षरांचा आकार म्हणजे नेमके काय, हे ठरलेले नाही. संगणकावर देवनागरी आणि रोमन दोन्ही बहात्तर पॉइंटांत ठेवली तरी देवनागरीचा मधला भाग बहुधा लहान दिसतो, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागाही त्याच मापात धरलेली असते. शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतची उंची रोमन मोठ्या अक्षराच्या उंचीइतकी असावी, असे एक वाक्य नियमात घातले तर निरीक्षकाला पट्टी लावून मोजता येईल आणि दुकानदारालाही पळवाट राहणार नाही. दुकानदाराने कोणता फॉन्ट वापरावा, याची सक्ती मात्र मी मागणार नाही. खासगी पाटीवर माणसाने हवे ते अक्षर लावावे. सक्ती करायची तर ती शासनाने स्वतःवर करावी. नगरपालिका, जिल्हा परिषद, बाजार समित्या आणि विद्यापीठ यांच्या फलकांच्या निविदांत ‘अक्षरे आडवी दाबलेली चालणार नाहीत’ एवढी अट घालायला एक पैसाही लागत नाही.

बाकीच्या कामाला पैसा लागेल, पण एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा नक्कीच कमी. राज्य मराठी विकास संस्थेने हा संच करवून घ्यावा, त्याच्या दोन-तीन जाड्या असाव्यात, परवाना मुक्त असावा आणि फाइल कोणालाही उतरवून घेता यावी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने तिन्ही जिल्ह्यांतल्या रंगवलेल्या पाट्या, जुनी हँडबिले, छापखान्यांत पडून असलेले ब्लॉक यांची छायाचित्रे मापांसह जमवून त्यासाठी नमुने पुरवावेत. रस्ता रुंदीकरणात दर वर्षी काही पाट्या भंगारात जातात, म्हणून हे आधी करावे. ज्या पेंटरांचे हात अजून चालतात त्यांना बोलावून मुळाक्षरे, बाराखडी आणि अवघड जोडाक्षरे मोठ्या कागदावर काढून घ्यावीत, दिवसाच्या मजुरीच्या हिशोबाने नव्हे, तर रेखाटनकाराला देतात तसे मानधन देऊन. आणि फॉन्टच्या माहितीच्या रकान्यात, जिथे रचनाकाराचे नाव असते, तिथे त्यांचे नाव असावे.